खेळाचा संगणक : पैसा कुठे घालावा, कुठे राखावा

मंडळी, कांद्याची पट्टी हातात पडली, किंवा गुरुजींच्या खात्यात महागाई भत्त्याचा फरक जमा झाला, की घरातला मुलगा हळूच विषय काढतो, "बाबा, कॉम्प्युटर घ्यायचा. पण तयार नको. सुटे भाग आणून घरीच जुळवू, स्वस्तात पडेल." आणि मग जरा खालच्या आवाजात म्हणतो, "खेळ चालतील असा घेऊ."

खेळ किती वेळ खेळावा, अभ्यास केव्हा करावा, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. त्यात आम्ही पडत नाही. पण पैसा जाणारच असेल, तर तो वाया जाऊ नये एवढे पाहणे तुमच्या हाती आहे. खेळाला लागणारा संगणक हिशेब, लिखाण, चित्रकाम आणि शाळेचे काम अगदी सहज उरकतो. तेव्हा चांगला जुळवलेला संगणक पाच-सात वर्षे साऱ्या घराच्या उपयोगी पडतो. वाईट जुळवलेला मात्र पहिल्या उन्हाळ्यातच कुरकुरू लागतो.

सारी गोम ह्या 'जुळवणे' शब्दात आहे. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर बसवली आणि पाइप मात्र अर्ध्या इंचाचा टाकला, तर पाणी किती येईल? पाइपातून निघेल तेवढेच. संगणकाचेही तसेच आहे. त्याचा वेग सर्वांत कमजोर भागावर ठरतो, आणि त्याचे आयुष्य वीज पुरवणाऱ्या डब्यावर ठरते. एवढ्या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या, तर दुकानदाराची यादी तुम्हाला स्वतः तपासता येईल.

खेळाला एवढी ताकद का लागते?

आधी थोडे गणित करू. गुरुजींनी हे वर्गात फळ्यावर मांडायला हरकत नाही. नेहमीच्या मॉनिटरच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला की २० लाख ७३ हजार ६०० ठिपके होतात. खेळातले चित्र हलते दिसावे म्हणून संगणक सेकंदाला साठ चित्रे नव्याने काढतो. म्हणजे दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपके रंगवायचे. एका चित्राला वेळ मिळतो सेकंदाचा साठावा भाग.

सिनेमात चित्रे आधीच काढलेली असतात, ती नुसती दाखवायची. खेळात तसे नाही. मुलगा डावीकडे वळला की सारा देखावा त्या क्षणी नव्याने काढावा लागतो. म्हणून सिनेमा छान दाखवणारा संगणक खेळात अडखळतो.

मोठा पडदा घेण्याआधी हेच गणित आठवा. ज्याला 'फोर-के' म्हणतात, त्या पडद्यावर ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके असतात, म्हणजे नेमके चौपट. काम चौपट झाले की कार्डही फार महागडे लागते. बेताच्या पैशात १९२० गुणिले १०८० चाच पडदा घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

कोण काय करते?

संगणकाच्या पेटीत, म्हणजे कॅबिनेटमध्ये, तीन मुख्य कामकरी असतात. पहिला प्रोसेसर. तो विचार करतो : चेंडू कुठे गेला, शत्रू कुठून आला, गुण किती झाले. दुसरे ग्राफिक्स कार्ड. ते चित्र काढते. तिसरी रॅम. हिला कामाचा ओटा समजा. हाताशी लागणारे सामान त्यावर मांडलेले असते. ओटा लहान असला की दर वेळी कोठीत धाव घ्यावी लागते. ही कोठी म्हणजे एसएसडी. वीज गेली तरी तिथले सामान शाबूत राहते. हे सारे जिच्यावर बसते ती पाटी म्हणजे मदरबोर्ड, आणि सर्वांना वीज वाटून देतो तो डबा म्हणजे एसएमपीएस.

खेळात चित्र काढण्याचे काम सर्वांत जड असते. म्हणून खेळाच्या संगणकात सर्वांत जास्त पैसा ग्राफिक्स कार्डावर जायला हवा. इथेच बरेच जण फसतात. प्रोसेसरचे मोठे नाव ऐकून त्यावर निम्मे पैसे घालतात, आणि कार्डासाठी उरेल त्यात भागवतात. मोठी मोटर आणि अर्ध्या इंचाचा पाइप, दुसरे काय!

दोन वाटा

आता पैसा किती आहे ते पाहून दोन वाटा होतात.

पहिली वाट थोड्या पैशाची. काही प्रोसेसरच्या पोटातच चित्र काढण्याची सोय असते. एएमडी कंपनीच्या ह्या जातीच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'जी' हे अक्षर येते. उदाहरणार्थ, २०२१ साली निघालेला रायझन ५ ५६००जी. ह्याला वेगळे कार्ड लागत नाही. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, २०१५ साली संगणकावर आलेला जीटीए ५, असे खेळ थाट जरा कमी ठेवून ह्यावर चालतात. पुढच्या हंगामात हाताशी पैसा आला, की ह्यातच वेगळे कार्ड बसवता येते.

दुसरी वाट वेगळ्या कार्डाची. २०२० साली निघालेल्या सायबरपंक २०७७ सारखे भारी खेळ हवे असतील, तर कार्डाशिवाय गत्यंतर नाही. इथे प्रोसेसर साधा पण दमदार घ्यावा. २०२२ साली आलेले इंटेलचा आय३ १२१००एफ किंवा एएमडीचा रायझन ५ ५६०० हे त्या जातीचे. सोबत २०२१ साली आलेल्या रेडिऑन आरएक्स ६६०० च्या तोलाचे, निदान आठ जीबी स्मृतीचे कार्ड.

इंटेलच्या नावाशेवटचे 'एफ' हे अक्षर विसरू नका, बरं का. 'एफ' म्हणजे ह्या प्रोसेसरच्या पोटात चित्र काढण्याची सोय नाही. रायझन ५ ५६०० चेही तसेच आहे, पण तिथे नावात इशारा नाही. असा प्रोसेसर घेतला आणि "कार्ड पुढच्या वर्षी आणू" म्हटले, तर वर्षभर काळा पडदा पाहत बसावे लागेल. एका अक्षरापायी हजारो रुपये अडकतात. म्हणून यादीतले अक्षर न् अक्षर वाचा.

जोडी जमते का, ते पाहा

बैलजोडी घेताना दोन्ही बैलांची चाल पाहतो, तसे इथेही पाहावे. मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेला सॉकेट म्हणतात. इंटेलचा प्रोसेसर एएमडीच्या सॉकेटात बसत नाही. एएमडीतसुद्धा जुने सॉकेट एएम४ आणि २०२२ साली आलेले एएम५ वेगळे. एएम४ ला डीडीआर४ जातीची रॅम लागते, एएम५ ला डीडीआर५. एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत जात नाही. इंटेलच्या १२१००एफ ला दोन्ही चालतात, पण कोणती, ते मदरबोर्ड ठरवतो. म्हणून तिथे बोर्डाचे पूर्ण नाव बिलावर लिहून घ्यावे.

काही जोड्या बसतात, पण जमत नाहीत. २०२२ साली आरएक्स ६५०० एक्सटी नावाचे स्वस्त कार्ड आले. त्याला बोर्डाशी बोलायला फक्त चार वाटा ठेवल्या होत्या. नव्या बोर्डावर, जिथे वाटा रुंद आहेत, तिथे ते ठीक चालते. जुन्या बोर्डावर त्याच चार वाटा निम्म्या रुंदीच्या होतात आणि कार्ड कित्येक खेळांत मार खाते. आणि गंमत पाहा, स्वस्त संगणक जुळवणाऱ्याकडेच बहुधा जुना बोर्ड असतो! वर सांगितलेल्या ५६००जी ह्या प्रोसेसरच्या वाटाही जुन्याच रुंदीच्या आहेत. तेव्हा पुढे त्याला कार्ड जोडायचे झाले, तर हे जोडू नये. स्वस्त वस्तू कोणासाठी स्वस्त, हे विचारावे ते असे.

रॅम एक नको, दोन

सोळा जीबी रॅम घ्यायची, तर सोळाची एक पट्टी घेण्याऐवजी आठ-आठच्या दोन घ्याव्या. कारण सोपे आहे. प्रोसेसर आणि रॅम ह्यांच्यामध्ये दोन रस्ते असतात. एकच पट्टी लावली तर एक रस्ता ओस पडतो. डीडीआर४ जातीच्या ३२०० वेगाच्या एका पट्टीतून सेकंदाला २५.६ जीबी एवढा माल जाऊ शकतो. दोन लावल्या की ५१.२. पहिल्या वाटेने जाणाऱ्यांनी तर हे कटाक्षाने पाळावे. तिथे चित्र काढणाऱ्याला स्वतःचा ओटा नसतो, तो रॅमच्याच ओट्यावर काम करतो. बोर्डावर चार खाचा असतील, तर बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या बसवतात. बोर्डाच्या पुस्तिकेत पाहून खात्री करावी.

कोठीसाठी एनव्हीएमई जातीची एसएसडी घ्यावी, निदान ५०० जीबीची. आजचा एखादा मोठा खेळ एकटाच शंभर जीबी जागा खातो. जुनी फिरती हार्ड डिस्क घरात असेल तर फोटो आणि सिनेमे ठेवायला जोडून द्या. खेळ मात्र एसएसडीवरच ठेवा.

ज्याच्याकडे कोणी पाहत नाही तो डबा

आता मुद्द्याचे बोलू. आमच्या ओळखीच्या एका घरात मुलाने हौसेने यादी केली. कॅबिनेटला काचेचा दरवाजा, आत रंगीबेरंगी दिवे, प्रोसेसर उत्तम, कार्ड उत्तम. शेवटी पैसे कमी पडले, तेव्हा एसएमपीएस घेतला बिननावाचा, कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेला. वैशाखातल्या एका संध्याकाळी खेळ रंगात आला असताना 'फट्' असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. डबा तर गेलाच, जाताना मदरबोर्ड आणि कार्डही घेऊन गेला. विहिरीची मोटर जळाली तर भरून आणता येते. इथे तशी सोय नाही. बापाची दोन हंगामांची शिल्लक होती ती. मुलगा आठवडाभर कुणाशी बोलला नाही.

म्हणून ही परीक्षा शिका. एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता छापलेला असतो. त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा आणि बाराने गुणा. प्रोसेसर आणि कार्ड ही दोन्ही ह्याच १२ व्होल्टच्या विजेवर जगतात. समजा, वर मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' लिहिले आहे आणि तक्त्यात ३७ अँपिअर आहेत. ३७ गुणिले १२ म्हणजे ४४४. हिशेब जमला. पण तक्त्यात १८ च अँपिअर असतील तर? १८ गुणिले १२ म्हणजे २१६. मग ते ४५० कागदावरचेच समजा.

आपल्याला लागते किती? आरएक्स ६६०० कार्डाला १३२ वॅट. वर सांगितलेल्या रायझन ५ ५६०० ला भर कामात जास्तीत जास्त ८८ वॅट धरा. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नासेक धरा. बेरीज २७०. त्यावर मोकळीक हवीच, कारण कार्ड क्षणभर उसळी घेते. म्हणून नावाजलेल्या कंपनीचा ४५० ते ५५० वॅटचा डबा पुरेसा आहे. डब्यावर '८० प्लस' अशी खूण असते. ती वीज किती कमी वाया जाते एवढेच सांगते. आतले काम चांगले आहे की नाही, त्याचा तो दाखला नव्हे. कंपनी किती वर्षांची हमी देते, तेही पाहा. पाच वर्षांची हमी देणारा स्वतःच्या मालाला ओळखून असतो.

गावची वीज, गावची धूळ

शहरातले सल्ले ह्या बाबतीत गप्प असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. संध्याकाळी साऱ्या गावाचे दिवे आणि मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज बसते. काही एसएमपीएस २०० ते २४० व्होल्टवरच चालतात, काही १०० ते २४० वर. तक्त्यात हेही छापलेले असते. आपल्याला दुसऱ्या प्रकारचा हवा.

अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून आधी तपासून घ्या. संगणकाच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर पहिला संशय अर्थिंगवर घ्यावा. तीन पिनांची वरची जाड पिन नुसती शोभेची नसते. ती काढून दोन पिनांवर काम भागवू नका.

युपीएस जरूर घ्यावा, पण त्यावरचा आकडा नीट वाचावा. ६०० व्हीए लिहिलेला युपीएस बहुधा ३६० वॅटच देतो, आणि तोही थोडी मिनिटे. तेवढ्यात खेळ जतन करून संगणक रीतसर बंद करायचा, एवढेच त्याचे काम. काही एसएमपीएसचे स्वस्त युपीएसशी पटत नाही, वीज जाताच संगणक बंद पडतो. तेव्हा दोन्ही वस्तूंची जोडी दुकानातच लावून पाहावी.

कॅबिनेट काचेचे नको, पुढून जाळीचे घ्या. एक पंखा पुढून हवा आत घेईल, एक मागून बाहेर टाकील. पेटी जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवा. महिन्यातून एकदा वीज काढून मऊ ब्रशने धूळ झाडा, आणि झाडताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा.

जुने घ्यावे का?

जुन्यात प्रोसेसर आणि रॅम बहुधा टिकाऊ निघतात. जुने कार्ड घ्यायचे तर समोर अर्धा तास खेळ चालवून पाहावे. एसएमपीएस मात्र जुना घेऊ नये. कार्यालयातून निघालेले जुने संगणकही बाजारात स्वस्त मिळतात. पण त्यांचे कॅबिनेट कित्येकदा अरुंद असते आणि एसएमपीएस त्यांच्याच मापाचा. तिथे कार्ड निवडताना हात बांधले जातात. आणखी एक गोष्ट. विंडोज १० चा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला रीतसर चालायला इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना संगणक कितीही स्वस्त मिळाला, तरी दोनदा विचार करा.

सोळा आण्यांचा हिशेब

भाव किती, हे आम्ही मुद्दाम सांगत नाही, कारण ते स्थिर नसतात. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी स्मृतीची खरेदी वाढवली, आणि साध्या माणसाच्या रॅमचे भाव झपाट्याने चढले. म्हणून वाटणी सांगतो. मॉनिटर, कीबोर्ड, युपीएस वेगळे काढा. उरलेला रुपया जुन्या माणसांच्या रीतीने सोळा आण्यांचा धरा. सहा आणे कार्डाला. पाच आणे प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून. तीन आणे रॅम आणि एसएसडीला. दोन आणे एसएमपीएस आणि कॅबिनेटला. रॅम महागली तर कार्डातून एक आणा काढा, दिव्यांचा थाट सोडा. पण शेवटच्या दोन आण्यांना हात लावू नका.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा, तालुक्याच्या दुकानात जा, की घरबसल्या मागवा, दर वस्तूचे पक्के बिल घ्या आणि त्यावर अनुक्रमांक लिहून घ्या. हमी त्या कागदावरच मिळते. मग रविवारी सकाळी टेबल पुसून मुलाला जुळवायला बसवा. कोणत्याही भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला स्पर्श करायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. प्रोसेसर दाबून बसवायचा नाही. कोपऱ्यावरची त्रिकोणी खूण जुळली की तो आपोआप बसतो. आणि वेगळे कार्ड घेतले असेल, तर मॉनिटरची वायर त्या कार्डातच लावायची, मदरबोर्डात नाही. कार्ड असून खेळ अडखळतो, ह्या तक्रारीत पुष्कळदा एवढीच चूक निघते.

तुम्हीही शेजारी खुर्ची टाकून बसा. यादी तुम्ही तपासलेली, तक्त्यातला गुणाकार तुम्ही केलेला. दुपारपर्यंत पडदा उजळेल. मुलगा आधी खेळ लावील. लावू द्या. जे यंत्र त्याने स्वतः जुळवले, ते उद्या बिघडले तर उघडून पाहायला तो भिणार नाही.